देवडीवरचा पोलकिट

मळवलीच्या घरी अप्पांचा उबुंटूवर चालणारा जुना संगणक आहे. त्यावर ते भजनी मंडळासाठी अभंग मोठ्या अक्षरांत छापतात. पावसाळ्यात वीज जाते, छपाई अर्धवट तुटते, प्रिंटर थांबून बसतो. तो पुन्हा चालू करायला गेलं की मधोमध चौकट उभी राहते: ॲडमिनचा पासवर्ड द्या.

चौकटीमागच्याचं नाव पोलकिट. 2012पर्यंत त्याला पॉलिसीकिट म्हणत. स्वतः तो काहीच उघडत नाही. कोण आलंय, काय मागतंय ते पाहतो, नियमांची वही चाळतो आणि हो किंवा नाही एवढंच सांगतो. काही कामांपुरती ओळख तो सुमारे 5 मिनिटं धरून ठेवतो, बाकीच्यांसाठी दर खेपेला नव्याने विचारतो. टर्मिनलमधला त्याचा भाऊबंद सुडो उबुंटूत 15 मिनिटं तरी विसरत नाही.

अंगणातून लोहगड दिसतो. गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा. एकामागून एक चार दरवाजे, पण रोख बाहेरच्यावर. पोलकिटला मात्र अप्पाच बाहेरचे वाटत होते, आणि ती चूक माझी. मी त्यांना साधं खातं दिलं होतं. प्रिंटर सांभाळायचा अधिकार द्यायचं राहून गेलं होतं.

दर वेळी फोन नको म्हणून मी पासवर्ड सांगून टाकला. अप्पांनी तो कॅलेंडरवर लिहिला. पुढे चौकट कशासाठी आली हे न वाचताच ते पासवर्ड भरू लागले, तेव्हा मला खरी भीती वाटली. सारखा विचारणारा पहारेकरी घरच्यांनाच बेसावध करतो.

सगळ्याच कामांना परवानगी देणारा नियम लिहून काही जण त्याचं तोंड बंद करतात. मला ते पटत नाही. मी चौकटीतले ‘डिटेल्स’ उघडले. तिथे कामाचं नेमकं नाव होतं, प्रिंटर चालू करणं. मग अप्पांना ‘एलपीॲडमिन’ या गटात घातलं. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं. पासवर्डही बदलला.

त्यानंतर वीज कितीदा तरी गेली. प्रिंटरसाठी चौकट आली नाही.

परवा मात्र अप्पांचा फोन आला. “घड्याळ पुढे गेलंय रे, ते बदलायला गेलो तर हा पासवर्ड मागतोय. मी काही भरलं नाही. तू आलास की बघ.”