मास्कखालचा चट्टा

मी अलिबागजवळच्या किहीमची आशा सेविका. २०२० च्या फेब्रुवारीत घरोघरी सीबॅकचे, म्हणजे आजारांचा धोका ओळखायचे, फॉर्म भरत होते. तोंडात चट्टा आहे का, हे त्यात विचारायचंच असतं. एका मावशींना म्हटलं, "आ करा बघू." मावशी समुद्राकडच्या बंगल्यावर कामाला जातात, तीस वर्षं तंबाखूची मिश्री लावतात. डाव्या गालात आतून रुपयाएवढा पांढरा चट्टा दिसला.

"दुखत नाय ना ताई, मग कशाला?"

दुखत नाही तोवरच दाखवायचं असतं, असं समजावून एप्रिलच्या तपासणी शिबिरासाठी त्यांचं नाव लिहून घेतलं.

शिबिर झालंच नाही. आधी कोरोनाची टाळेबंदी, मग ३ जूनला निसर्ग वादळ. मावशींच्या घराची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. चट्टा कोणाच्या ध्यानात राहणार? सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणाला मी पुन्हा त्याच दारात उभी. ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. घरात कुणाला कॅन्सर? मावशी मास्कमधून "नाय" म्हणाल्या, मी तसंच लिहिलं. मास्क खाली करा, एवढं काही मी म्हटलं नाही. ती नोंद आजही टोचते.

त्याच महिन्यात बंगल्यातल्या मॅडम वर्षाच्या मॅमोग्राफीला मुंबईला गेल्या. मांडव्याला रो-रोत गाडी चढवली की तासाभरात भाऊचा धक्का. वाटेतला डबा मावशींनीच करून दिला. मॅडम गेल्या ते योग्यच. पण किहीमहून परळचं टाटा कर्करोग रुग्णालय दोघींना सारख्याच अंतरावर होतं. मावशींना जायचं तर त्यांचा रोज बुडणार, सोबतच्या मुलाचाही. आणि लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना.

देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांची पाहणी पुढे 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आली. मार्च ते मे २०२० मध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त केंद्रांत तपासणी बंद होती किंवा निम्म्याहून कमी चालू होती. पण बंद पडायला आमच्याकडे ती चालू तरी कुठे होती? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या तिशी ते पन्नाशीच्या हजार बायकांत तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या जेमतेम नऊ.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मावशींना घास गिळवेना. चट्ट्याची जखम झाली होती. टाटात ऑपरेशन झालं. गालाबरोबर जबड्याचा तुकडाही गेला. आता त्या भाकरी दुधात कुस्करून खातात.

तुमच्याकडे कामाला येणारी बाई मिश्री लावत असेल, तर एकदा उजेडात तिचं तोंड बघा. चट्टा दिसला तर तिचा रोज न कापता तिला दवाखान्यात घेऊन जा.