कोसबादच्या अनुताई

डोंबिवलीकराला डहाणूला जायचं असेल तर कोपरला वरच्या फलाटावर दिवा-वसई गाडीची वाट बघत उभं राहावं लागतं, मग वसईला उतरून डहाणूची लोकल. जाण्यातच सकाळ संपते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ही दोन टोकं कागदावरही सुटी झाली. तेव्हापासून लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या अनुताई वाघ आपल्या ठाणे जिल्ह्याच्या, हे मुद्दाम सांगावं लागतं. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या, तेव्हा डहाणू तालुक्यातलं त्यांचं कोसबाद ठाणे जिल्ह्यातच होतं. सत्तेचाळीस वर्षं ज्या मुलांपायी त्यांनी घातली, ती मुलंही याच जिल्ह्याची.

जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य ठरलेलंच असे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. चांदवडला आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत शिकवलं. शिकवता शिकवताच रात्रशाळेत जाऊन १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामीण बालशिक्षणाचं शिबिर भरलं. तिथे त्यांना बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भेटल्या. पुण्यातली स्थिर नोकरी मागे पडली आणि पस्तिसाव्या वर्षी त्या ताराबाईंबरोबर डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या.

१९४५ हे साल या जिल्ह्यासाठी साधं नव्हतं. जानेवारीत टिटवाळ्याला, आपल्या कल्याण तालुक्यात, किसान सभेचं अधिवेशन भरलं. डहाणू-तलासरीकडचे वारली तिथे आले आणि वेठीच्या, लग्नाच्या कर्जापायी गडी होऊन राबणाऱ्या लग्नगड्यांच्या गुलामीच्या कहाण्या बाहेर पडल्या. मे महिन्यात झरीला सभा झाली आणि किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांनी उभा केलेला वारल्यांचा लढा पेटला. त्याच वर्षी, त्याच पट्ट्यात दोन बायका लहान मुलांची शाळा काढायला निघाल्या होत्या. या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी ठेवून वाचतो. ज्याचा बाप वेठीला जुंपलेला, त्या पोराच्या वाट्याला गुरं राखणंच येणार. त्याला घंटेच्या ठोक्याला वर्गात बसवणार कसं?

बोर्डीला पहिला धडा मिळाला तो शिकवणाऱ्यांनाच. बालवाडी उघडून ठेवली म्हणून दलित वस्तीतली मुलं आपणहून येत नाहीत. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आधी अंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं, आणि मग गाणी-गोष्टी. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणार कुणाला? शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. अंगणवाडी हा शब्द या अंगणातून आला. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि पुढे हा मराठी शब्द देशभर गेला.

पुढे दोघी कोसबादच्या टेकडीवर आल्या. तिथे वारली मुलं होती, आणि घरी ती जी बोली बोलत ती पुस्तकात कुठेच नव्हती. शाळेत पटावर नाव असलेली मुलगी गैरहजर का, याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नसे. ती घरी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असे, कारण आई मजुरीला गेलेली. यावर पालकांची सभा घेऊन भाषण देता आलं असतं. त्याऐवजी कोसबादला पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, त्या आवाराचं नाव विकासवाडी. भावाला पाळण्यात ठेवायचं आणि बहिणीने पलीकडच्या वर्गात बसायचं. मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावर इतकं नेमकं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलं गुरं घेऊन कुरणात जात आणि मास्तरही त्यांच्यामागे कुरणात जात. गुरं चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. दिवसा जमतच नसेल, तर रात्री कंदील लावून रात्रशाळा भरे. जिने स्वतः मॅट्रिक रात्रशाळेतून केलं, तिला दिवसभर राबून आलेल्या मुलाच्या डोळ्यांवरची झोप कळत असणारच.

या सगळ्या धबडग्यात १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अनुताई बी.ए. झाल्या.

त्यांचं नाव बहुधा ताराबाईंच्या नावामागून घेतलं जातं. अनुताईंना त्यात कमीपणा वाटला असता असं नाही, गुरू म्हणून ताराबाईंना त्यांनी जन्मभर मानलं. पण ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं अनुताईंनी ती टेकडी चालती ठेवली. विचार मोठा असतो हे खरं. तो रोज सकाळी उठून अमलात आणणारं माणूस मला तितकंच मोठं वाटतं. त्या ‘शिक्षणपत्रिके’चं संपादन करत, बालवाडीच्या सेविकांना तयार करत, लिहीत. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे त्यांचं पुस्तक आपल्या भागातल्या प्रत्येक डी.एड. झालेल्या माणसाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. १९८२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. सिग्नलवर गजरे, खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी महापालिकेने आणि समर्थ भारत व्यासपीठाने कंटेनरमध्ये वर्ग मांडले.  गाड्यांच्या गर्दीतली ती पोरं पाहिली की मला कोसबादचं कुरण आठवतं. तिथे गुरं होती, इथे गाड्या आहेत, एवढाच फरक.

आणि आपल्या कल्याण-डोंबिवलीतही चाळींच्या गल्ल्यांमध्ये एकेका खोलीत अंगणवाड्या भरतात. सेविका मुलांची वजनं घेतात, वहीत लिहितात, मदतनीस खाऊ वाटतात. खोलीला अंगण नसतं, नाव मात्र तेच राहिलंय. सुटायच्या वेळी धाकट्याला न्यायला कधी कधी मोठी बहीण येते. तिच्या पाठीवर दप्तर असतं.