वाडियाची मुलं

आमच्या घरातली सगळी सख्खी-चुलत भावंडं वाडियाची. परळच्या चाळीत असंच सांगायची पद्धत होती: गाव कोकणातलं, जन्म वाडियातला. नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६चं, शेजारचं लहान मुलांचं वाडिया १९२९चं. त्याच १९२९ साली मुंबई प्रांतात गिरणीतल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदेमंडळात त्या विधेयकाची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. वायंडिंग खात्यात काम करणाऱ्या आमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी ते नुसते ‘बाळंतपणाचे पैसे’. त्यातून तिनं पितळी घंगाळ घेतलं, आणि आम्हा सगळ्यांच्या आंघोळी पुढे त्यातच झाल्या.

आमच्या आयांच्या वेळी, साठ-सत्तरच्या दशकात, वाडियात डबा पोचवणं हे थोरल्या मुलांचं काम. कल्हईच्या डब्यात अळिवाची खीर, वरच्या पुडात डिंकाचा लाडू. तो वाटेत थोडा झिजायचा. बाळाच्या मनगटाला बांधलेला नंबर आणि आईच्या खाटेवरचा नंबर आम्ही मोठ्या गंभीरपणे ताडून बघायचो.

घरी आल्यावर पुढचं खातं महापालिकेचं. देवी काढणारा आला की चाळीतली निम्मी पोरं संडासाकडे पळायची. आमच्या सगळ्यांच्या दंडावर ते गोल वण आहेत. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. सर्वांत धाकटा चुलतभाऊ त्यानंतरचा, त्याचा दंड गुळगुळीत. त्याला आम्ही ‘बिनदेवीचा’ म्हणून चिडवायचो आणि तो खरंच रडायचा.

दातांना मात्र कुणी वाली नव्हता. सकाळी मोरीत माकडछाप काळी पावडर, आज्यांना मिश्री, संपलं. दाढ ठणकली की लवंग. लवंगेनं भागेना आणि गाल सुजला की मुंबई सेंट्रलचं नायर दातांचं इस्पितळ. तिथे शिकाऊ डॉक्टर पोरं चांगली होती, पण आम्ही जायचो तेच दाढ काढायच्या तयारीनं. वाचवायचा दात घेऊन कुणी गेल्याचं आठवत नाही. थोरल्या काकूला चाळिशीतच कवळी आली. लेकरामागे एक दात जायचाच, असं आजी म्हणायची. काकूची लेकरं पाच. तिनं कधी तक्रार केली नाही, रात्री कवळी स्टीलच्या वाटीत ठेवायची आणि आम्हाला वाटीला हात लावू द्यायची नाही.

आता मी मुलीकडे लखनौला, वृंदावन योजनेत असते. रायबरेली रोड, पीजीआय रुग्णालय जवळच. नात झाल्यावर लसीकरणाचं कार्ड मी भावंडांच्या ग्रुपवर टाकलं. रकाने बघून सगळे चाट. एका पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी आणि हिब! आम्हाला तीन रोगांच्या ट्रिपलचंच केवढं अप्रूप होतं. आणि हा तोच उत्तर प्रदेश, जिथे या शतकाच्या सुरुवातीला देशातले सर्वांत जास्त पोलिओचे रुग्ण निघत. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला, त्यात दारोदार डोस पाजत फिरलेल्या इथल्या बायकांचे पाय किती झिजले असतील!

नात पोटात असताना मुलीला सहाव्या महिन्यात हिरड्यांतून रक्त यायचं, तेव्हा ग्रुपवर आजीचंच ‘लेकरामागे एक दात’ हे वाक्य निघालं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ते मोडीत काढलं. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढत नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, त्यात उलट्या आणि सारखं खाणं. दात साफ करून घ्यायला पोटुशीला काही धोका नाही, उलट तेव्हाच करावं. म्हणजे काकूचे दात पाच लेकरांनी खाल्ले नव्हते, ते तपासायला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच. चाळीतून वाडिया चालत जाण्याच्या अंतरावर, लस दारात यायची, आणि दातांसाठी मात्र आधी गाल सुजावा लागायचा.

हल्ली अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारं बालस्वास्थ्याचं पथक मुलांचे दातही बघतं, २०१३पासून. नातीला पहिला दात आलाय. बिनदेवीच्या भावानं लगेच विचारलं, दातांच्या डॉक्टरला दाखवलं का? पहिल्या वाढदिवसाच्या आत दाखवायचं असतं म्हणे. बुधवारची वेळ घेतली आहे.