कडी, कुलूप आणि ‘लॉक’

शब्द वापरण्यापूर्वीं त्याचा अर्थ नीट पाहावा, हें आम्ही इतकीं वर्षें वर्गांत मुलांना सांगत आलों. पण तोच धडा आम्हांस स्वतःस शिकावा लागला तो गेल्या महाशिवरात्रीस, आणि तोहि आमच्याच घराच्या दाराशीं.

आमच्या चामोर्शीपासून जवळच वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा हें प्राचीन क्षेत्र आहे. तेथें नदी उत्तरवाहिनी होते, व महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. त्या दिवशीं घरची मंडळी दोन गाड्यांतून दर्शनास निघाली. मागें राहिल्या त्या फक्त आमच्या थोरल्या वहिनी. वय ८२, गुडघे धरलेले. यात्रेची दगदग त्यांस सोसण्यासारखी नव्हती. “तुम्ही निघा, मी माजघरांत जराशी पडतें,” असें त्यांनीं आम्हांस सांगितलें. आम्ही अंगणांत पोंचलों तोंच पुण्याहून सुटीवर आलेल्या आमच्या नातवानें मागून विचारलें, “आजोबा, दार लॉक करूं ना?” आम्हीं वळूनहि न पाहतां म्हटलें, “हो, कर.”

आमच्या मनांत होतें तें एवढेंच कीं, दार ओढून घ्यावें. वहिनी उठतील तेव्हां आंतून कडी घालतील. नातवाची समजूत अशी कीं, थोरली आजी पुढच्या गाडींत बसली आहे. मुलगा आज्ञाधारक, त्यानें कुलूप लावलें आणि किल्ली खिशांत घातली.

परतलों तेव्हां दिवेलागण झाली होती. वहिनी खिडकीशीं बसल्या होत्या. मोबाईल त्या वापरीत नाहींत. परसदाराची लांकडी आगळ जड. ती त्यांच्यानें सरकली नाहीं. दुपारीं शेजारच्या बाई उपासाच्या फराळाची ताटली घेऊन आल्या, कुलूप पाहिलें आणि फाटकांतूनच परत फिरल्या. वहिनींनीं हांक मारली, पण ती बाहेर पोंचली नाहीं. आम्हांस वाटलें, आतां रागावतील. त्या रागावल्या नाहींत. शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, मी घरांत होतें, पण बाहेरून पाहणाऱ्याला घर रिकामें होतें.”

त्या रात्रीं आम्हांस झोप लागली नाहीं. चूक नातवाची नव्हती, आमची होती. दोघांनीं एकच शब्द उच्चारला आणि दोघांनीं दोन निराळ्या क्रिया मनांत आणल्या.

विचार करतां असें दिसलें कीं, इंग्रजींत आंतून सरकवावयाचा तो ‘बोल्ट’, उचलून उघडावयाची ती ‘लॅच’, आणि किल्लीचें तें ‘लॉक’, असा भेद आहे. फार जुन्या इंग्रजींत ‘लॉक’चा पूर्वज हाहि अडसर, कुंपण असाच अर्थ देत असे, किल्लीशीं त्याचें नातें पुढें घट्ट झालें. पण मराठी बोलण्यांत आलेला ‘लॉक’ या सर्वांना गिळून बसला आहे. फोन लॉक, गाडी लॉक, कपाट लॉक आणि दारहि लॉक!

आमच्या घरांत यासाठीं किती शब्द होते! दार लोटणें, दार ओढून घेणें, कडी घालणें, खिटी लावणें, अडसर लावणें, आगळ घालणें, कुलूप लावणें. यांतील प्रत्येक शब्द घराची स्थिति सांगतो. दार लोटलेलें आहे, म्हणजे या, घरचेंच आहे. आंतून कडी आहे, म्हणजे माणसें आहेत, हांक मारा. ‘आगळ’ हा संस्कृत ‘अर्गला’ शब्दाचा वंशज. सप्तशतीच्या पाठापूर्वीं कवच, अर्गला आणि कीलक म्हणण्याची रीत आहे. तिन्ही नांवें रक्षणाच्या साधनांचींच. या अर्गलेचें वैशिष्ट्य असें कीं, ती घालण्यास आंत कोणीतरी असावें लागतें. कुलुपाचें नेमकें उलट. बाहेरून लावलेलें कुलूप सांगतें कीं, आंत कोणी नाहीं.

येथें शब्द परका कीं स्वकीय, हा वाद आम्ही घालीत नाहीं. ‘कुलूप’ तरी कोठें आपलें? अरबी ‘कुफ्ल’ शब्दाचीं अक्षरें मागेंपुढें होऊन तें बनलें. ‘चावी’ पोर्तुगिजांकडून आली. दोन्ही पाहुणे आले, आपापल्या जागीं बसले आणि घरचे झाले. ‘लॉक’विषयीं तक्रार एवढीच कीं, तो दुसऱ्यांच्या जागाहि अडवून बसतो. ‘टाळेबंदी’चेंच पाहा. पूर्वीं गिरणीमालक कामगारांस बाहेर ठेवून दरवाजे बंद करीत, त्यास हा शब्द होता. २०२० च्या मार्चांत साथीमुळें ‘लॉकडाऊन’ आला, तेव्हां त्यासहि आपण टाळेबंदीच म्हटलें. आणि तेथें तर माणसें घरांत होतीं! शब्द एकच, आंत कोण नि बाहेर कोण, याचा पत्ता नाहीं.

कुलुपाची गरज आम्ही नाकारीत नाहीं. आमच्या लहानपणीं या घरांत चौदा माणसें होतीं. घर रिकामें असें कधीं पडलेंच नाहीं. आतां मुलें नागपूर-पुण्यास, दिवस निराळे. परंतु कुलूप लावलें म्हणजे सर्व सुरक्षित झालें, हा भ्रम आहे. इंग्रजी ‘सिक्युअर’ शब्दाचें मूळ लॅटिन. ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे चिंता. म्हणजे तो आपला ‘निश्चिंत’च झाला. त्या दिवशीं आमचें घर बंद होतें, भांडीकुंडीं सुरक्षित होतीं, पण घरांतलें माणूस निश्चिंत नव्हतें. मग आम्हीं रक्षण केलें तें कशाचें?

वाचकांच्या घरींहि वृद्ध माणसें असतील. बाहेर पडतांना किल्ली कोठें आहे हें आपण सर्वच विचारतों. त्याआधीं आंत कोण आहे, हें विचारण्याची संवय लावावी, एवढीच विनंति.

आमच्या नातवास तें सांगावें लागलें नाहीं. सुटी संपेपर्यंत तो घराबाहेर पडतांना दार ओढून घेई आणि उंबऱ्याशीं उभा राहून म्हणे, “थोरली आजी, आंतून कडी घाल.” मग कडीचा आवाज कानीं पडेपर्यंत तो तेथून हलत नसे.