बांधावरची माती

शेत सेंद्रिय झाले म्हणजे माती सुधारली, हे आपण फार लवकर मानतो. प्रमाणपत्र मुख्यतः शेतात काय घातले नाही ते सांगते. मातीत काय साठले, ते माती उकरूनच कळते. हंगामी पिकांसाठी रूपांतराचा काळ दोन वर्षांचा. तेवढ्यात युरियाची गोणी बंद होते, कर्ब मात्र जेमतेम हलतो. हिशेब करून पाहा : हेक्टरभर रानाची वरची 15 सेंटिमीटर माती सुमारे 22 लाख किलो भरते. तिच्यात सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा, तर 2,200 किलो कर्ब टिकून राहायला हवा. आणि शेणखतातला बराचसा कर्ब तर जिवाणूच खाऊन संपवतात.

2015 पासून मिळणारी मृद आरोग्य पत्रिका सामू, क्षारता, कर्ब आणि अन्नद्रव्ये धरून 12 गोष्टी मोजते. ती हवीच; पण मातीची घडण आणि तिच्यातले जीव तीत येत नाहीत. शिवाय भीमाशंकरच्या बाजूची पावसाने धुपलेली भातखाचरे आणि कुकडीच्या कालव्याखालची चुनखडीची काळी राने एकाच आकड्याने तोलायची कशी? म्हणून तुलना शेजाऱ्याच्या रानाशी नको, आपल्याच बांधाशी हवी. रानातले आणि बांधावरच्या गवताखालचे अशी दोन वाळलेली ढेकळे पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडावीत. एक लगेच विरघळून गढूळ चिखल होते, दुसरे मुळांच्या तंतूंनी बांधल्यासारखे टिकते. या दोहोंतले अंतर म्हणजे नांगराने आणि पिकांनी मातीकडून घेतलेले कर्ज. ही चाचणी ढोबळ आहे, हा आक्षेप खरा. काळी माती फुगून तशीही फुटते. पण दोन्ही ढेकळे एकाच जातीच्या मातीची असली, की फरक बोलतो.

‘टोमॅटो जोमात आहे, मग चाचण्या कशाला?’ हा प्रश्न त्याहून अवघड. तो जोम विकत आणलेल्या कोंबडखताचा असेल, तर आपले रान दुसऱ्याच्या शिवाराच्या जिवावर उभे आहे, आणि वर स्फुरद साचत चालले आहे. टिकाऊपणाची खरी कसोटी हीच, की दरवर्षी बाहेरून येणाऱ्या ट्रॉल्या कमी झाल्या आणि तरी ढेकूळ पाण्यात टिकले का. तेव्हा वळवाच्या आधी, दरवर्षी त्याच जागी उकरा. ढेकूळ, गांडुळे आणि ट्रॉल्या एकाच वहीत लिहा. पाच वर्षांनी ती वही प्रमाणपत्राशेजारी ठेवून वाचा.