कर्ण्यांची वर्गवारी

'कर्णा' हा शब्द संस्कृत 'कर्ण'वरून आला असावा असे कोणालाही वाटेल. पण त्याचे जवळचे नाते फारसीतल्या 'कर्ना' या लांब रणवाद्याशी आहे. नगारखान्यात किंवा छबिन्यापुढे वाजणारा पितळी कर्णा हा त्याचा आपल्याकडचा अवतार. ग्रामोफोनला धातूचे फूल आले, त्यालाही कर्णा म्हटले गेले. आणि विजेवरचा लाऊडस्पीकर आला तेव्हा 'ध्वनिक्षेपक' असा प्रतिशब्द उपलब्ध असूनही लोकांनी जुनाच शब्द पुढे चालवला. भोंगा मूळचा वेगळा. तो गिरणीचा, साखर कारखान्याचा; त्यातून शब्द येत नाहीत, फक्त वेळ कळते. २०२२ सालच्या राजकीय वादात हे नाव सरसकट कर्ण्यालाही चिकटले. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. तिथे भोंग्याचा जुना अर्थ अजून शाबूत आहे. कर्णा बोलतो, भोंगा खुणावतो. ही वर्गवारी कोणी बसून केलेली नाही, वापरातून झालेली आहे.

मी बसून करायला घेतलेली वर्गवारी दुसऱ्या प्रकारची होती. सांगलीतल्या एका परिचितांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा दोन पिढ्यांचा व्यवसाय. त्यांचे गोदाम कृष्णेच्या पूररेषेत येते. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा गोदाम आढ्यापर्यंत भरले. कर्ण्यांचे ॲल्युमिनियम टिकले. युनिटांवरची कागदी लेबले, कंपन्यांची सूचिपत्रे आणि भाड्याच्या वह्या गेल्या. आता त्यांच्या मुलाला ती जागा रिकामी करायची आहे. भंगारवाला किलोवर भाव करतो. पुण्यामुंबईची काही उपाहारगृहे जुने कर्णे भिंतीवर टांगायला घेतात. ती मंडळी कंपनी, मॉडेल आणि साल विचारतात, आणि उत्तर नेमके असले की भाव वाढतो. चौदा कर्णे होते. हस्तलिखितांच्या सूची करण्याची सवय आहे, तर एवढे तुम्हीच करा, असे म्हणून हे काम माझ्याकडे आले.

कर्णा ही एक वस्तू नाही, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले. मागे असते ते युनिट: चुंबक, तारेची कॉइल आणि बशीएवढाही नसलेला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम. पुढे असते ती रुंदावत जाणारी नळी. एवढासा पडदा मोकळ्या हवेत थरथरला तर त्याचा बहुतेक जोर वाया जातो. नळी हळूहळू पसरत नेली की तोच जोर बाहेरच्या हवेला नीट पोचतो. खालचे स्वर हवे असतील तर नळी लांब आणि तोंड मोठे लागते. तेवढी लांबी सांभाळणे अवघड, म्हणून पुढे दुमडीचे कर्णे आले. त्यांत आवाज पुढे जातो, मागे वळतो आणि पुन्हा पुढे येतो. आपल्या चौदांत तीन सरळ होते, अकरा दुमडीचे. सरळांपैकी दोघांवर 'शिकागो रेडिओ' हे नाव. नाव अमेरिकेतले, कंपनी मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची; गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर जे नाव दिसते ते हेच. नानिक मोटवाने १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यातले एक आरोपी होते. दुमडीच्या कर्ण्यांत बहुसंख्य दिल्लीच्या आहुजांचे. ही कंपनी १९४०ची.

इथपर्यंत सोपे होते. पण युनिट आणि कर्णा एकमेकांवर आट्यांनी बसतात, आणि आट्यांचे माप बहुतेक कंपन्यांचे सारखे. त्यामुळे एका कंपनीच्या कर्ण्यामागे दुसरीचे युनिट, त्यात तिसऱ्याच कोणी बसवलेला पडदा, असा प्रकार जवळजवळ सगळीकडे. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली जोडी चौदांत तीनच.

हा गोंधळ आपल्याकडचाच आहे असे समजू नये. अमेरिकेतल्या आल्टेक लान्सिंगने १९४५च्या सुमारास चित्रपटगृहांसाठी 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही मालिका काढली. तिची नावे किती शिस्तीची! 'ए-७-५००' म्हटले की ५०० हर्ट्झच्या वरचा आवाज कर्ण्याकडे जातो हे नावातच कळते. त्यासाठी ५११ क्रमांकाचा कर्णा, ८०० हर्ट्झसाठी ८११. तरीही त्या पेट्यांत पुढे लोकांनी हवी ती युनिटे बसवली, आणि पेटीवरचे नाव एक व आतला ऐवज दुसरा, हा शोध आजच्या संग्राहकांनाही घ्यावा लागतो. वस्तू कारखान्यातून बाहेर पडताना काय होती एवढेच नाव सांगते.

आहुजांच्या नावांत आकडा वॅटचा असतो. 'एयू-६०' म्हणजे ६० वॅटचे युनिट. गावाला वॅट कळत नाही असे नव्हे, पण गाव मोजते ते अंतर. 'वाडीपर्यंत जातो', 'ओढ्यापलीकडे नाही जात' ही भाड्याने नेणाऱ्यांची भाषा. या दोन मापांचा मेळ सरळ नाही. बाकी सारे तेच ठेवून ३०च्या जागी ६० वॅट केले तर उघड्यावर आवाजाचा पल्ला फार तर १.४ पट होतो. पल्ला दुप्पट हवा तर वॅट चौपट लागतात. जुन्या माणसांनी हे सूत्र न मांडता ओळखले होते. ते वॅट वाढवण्याऐवजी कर्णा वडाच्या वरच्या फांदीला बांधत.

युनिटांचे कोडे सुटेना म्हणून ती पोत्यात भरून साताऱ्याला नेली. तिथल्या एका पेठेत युनिट दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. दोन्ही जिल्ह्यांतली युनिटे त्यांच्याकडे येत. त्यांनी कंपनीचे नाव विचारलेच नाही. प्रत्येक युनिट उलटे करून मागचे झाकण पाहिले.

"बाई, कंपनी काय बघताय? पडदा कुणी बसवला ते बघा."

झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेल्या तारखा होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली ही नोंद, पुराच्या पाण्याने न पुसलेली. सहा युनिटांवर त्यांचे स्वतःचे अक्षर निघाले.

"काका, मग तुम्ही यांचे प्रकार कसे पाडाल?"

"एक जत्रेचा, एक लग्नाचा, एक प्रचाराचा."

जत्रेचा लांब तोंडाचा, गर्दीवरून जाणारा. प्रचाराचा जीपवर मावणारा. त्यातून गाणे बरे वाजले नाही तरी चालते, शब्द फुटता कामा नये. लग्नाचा या दोहोंच्या मधला, कारण त्याने गाणेही वाजवायचे आणि 'वधूच्या मामांनी मुलीला घेऊन यावे' हेही सांगायचे. साहित्यप्रकारांच्या आपल्या पाठ्यपुस्तकी व्याख्यांपेक्षा ही विभागणी मला अधिक पटते.

सांगलीला परतल्यावर मुलाशी मतभेद झाला. त्याचे म्हणणे व्यवहार्य होते: शिकागोचे युनिट शिकागोच्या कर्ण्याला, आहुजाचे आहुजाला लावून 'अस्सल' जोड्या करू, रंग खरवडून पॉलिश करू, विकू. आठ जोड्या सहज जमल्या असत्या. माझा विरोध होता. चार प्रतींतल्या सोयीच्या ओव्या घेऊन पाचवी 'शुद्ध' पोथी तयार करणाऱ्या संपादकाला आपण वर्गात नावे ठेवतो. तशी पोथी कधी कोणी वाचलेली नसते. तशी जोडीही कधी कुठल्या जत्रेत वाजलेली नव्हती. अर्थात गोदाम माझे नव्हते आणि पैशांची गरजही मला नव्हती, हे त्याने सौम्यपणे सुनावले. त्यात तथ्य होते.

वाद अडला तो एका सरळ कर्ण्यावर. त्याच्या तोंडाच्या कडेने पांढऱ्या तेलरंगात आजोबांचे नाव, गाव आणि 'जि. द. सातारा' अशी अक्षरे आहेत. सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले गेले. म्हणजे ही अक्षरे त्या अकरा वर्षांतली. चौदा कर्ण्यांत एवढी नेमकी कालनिश्चिती दुसऱ्या कशाने झाली नाही, आणि पॉलिशमध्ये पहिल्यांदा जाणार होती ती हीच. मुलाने ती अक्षरे पूर्वी पाहिली होती, 'द.' म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हते. त्याचे वडील तेवढा वेळ काही बोलले नव्हते. "तो राहू दे," एवढे म्हणाले.

चार जोड्या जुळवून, चकचकीत करून विकल्या गेल्या. पाच कर्णे भंगारात गेले. उरलेल्या पाचांना चिठ्ठ्या लावल्या आहेत. सहाव्या क्रमांकाची अशी: 'कर्णा सरळ, शिकागो रेडिओ. युनिट आहुजा. पडदा सातारा, २-४-७८. अक्षरे १९४९ ते १९६०. प्रकार: जत्रेचा.'