भाकरीचं वजन

२०२१ च्या डिसेंबरात घरून काम करायची परवानगी घेऊन मी पुण्याहून पांढुर्ण्याला आलो, तेव्हा माझं वजन ९१ किलो होतं. उंची पाच फूट सात इंच. त्याआधी रक्ताची तपासणी झाली होती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बाबा मधुमेहानंच गेले, अठ्ठावन्नाव्या वर्षी. म्हणून हा आकडा मी आईला सांगितलाच नाही.

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला आकडा दिसला की तो आधी तक्ता मांडतो. मीही मांडला. दिवसाला १६०० कॅलरी. मोबाइलमध्ये अ‍ॅप, ओट्यावर छोटा वजनकाटा. आई भाकर थापायला बसली की मी उंडा काट्यावर ठेवायचो. दोन दिवस तिनं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काहून मोजून राहिला रे बाबू? मी का तुले जास्त खाऊ घालते?"

घरच्या जेवणाची अडचण अशी, की त्यावर लेबल नसतं. झुणक्यात तेल किती, पाटोडीच्या रश्श्यात किती, आईला विचारलं तर ती हातानं दाखवणार. मग मी सोपा रस्ता काढला. ज्यावर आकडा छापलेला आहे तेच खायचं. बिस्किटं, भाजलेले चिप्स, डब्यातला फळांचा रस. बेरीज चोख यायची. पहिल्या तीन आठवड्यांत तीन किलो उतरले.

पण रात्री अकरा वाजले की पोटात कावळे ओरडायचे. दिवसभर चिडचिड, कामात चुका. आईशी बोलणं तुटक झालं आणि तिनं जेवायला हाक मारणं सोडलं. एका रात्री अंधारातच फरसाणाचं अख्खं पाकीट संपवलं. मग दुसऱ्या रात्री, तिसऱ्या. जानेवारी संपेपर्यंत तिन्ही किलो परत आले.

म्हणजे कॅलरीचा हिशेब खोटा होता का? नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी २०१० मध्ये स्वतःवर प्रयोग केला. दहा आठवडे मुख्यतः केक-बिस्किटांसारखे पुडीतले गोड पदार्थ, पण रोज साधारण १८०० कॅलरीच. त्यांचं वजन १२ किलोंनी घटलं. गणित बरोबरच होतं. माझा प्रश्न वेगळा होता. हे गणित मी किती दिवस निभावणार?

उत्तर सौंसरला सापडलं. फेब्रुवारीत मृग बहाराचा तोडा सुरू होता, म्हणून मावशीच्या बगिच्यात गेलो. मावशीनं आल्याबरोबर पेलाभर संत्र्याचा रस दिला, तो दोन घोटांत संपला. दुपारी झाडाखाली बसून संत्री सोलली. दोन खाल्ली आणि तिसरं हातातच राहिलं. सवयीनं हिशेब केला. मध्यम संत्र्यात साधारण ६० कॅलरी आणि ३ ग्रॅम तंतू. पेलाभर रसातही ११०-१२० कॅलरी. दोन्हीकडची बेरीज जवळजवळ सारखी, पण रसानं भूक हललीसुद्धा नव्हती. अ‍ॅपच्या लेखी दोन्ही एकच, पोटाच्या लेखी नाही.

नंतर २०१९ चा एक अभ्यास वाचला. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं, दोन आठवडे साधं ताजं अन्न. दोन्ही वेळा ताटात कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच मांडले आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. कारखान्याच्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्या दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलो वाढलं, ताज्या अन्नावर तेवढंच घटलं. मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी आईच्या ताटावर परतलो. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, कांदा, मधल्या वेळी संत्रं. रात्रीची भूक आठवड्याभरात निवली.

पण इथंही एक ठेच लागली. 'घरचं आहे ना' म्हणत मी भाजलेले शेंगदाणे मुठीनं खाऊ लागलो, जवसाच्या चटणीवर तेलाची धार धरू लागलो. दोन महिने काटा हलला नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि पळीभर तेलात शंभराच्या वर. अन्न चांगलं असलं तरी बेरीज माफ होत नाही. मग ताट तेच ठेवून फक्त दाणे आणि तेल मोजायला लागलो.

आपल्याकडे या विषयावर कमी वाद नाहीत. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोड्या थोड्या वेळानं खा, पण आपल्या मातीतलं खा. ऐकायला दोन टोकं. पण एकात मधल्या वेळचं चरणं सुटतं, दुसऱ्यात पुडीतलं खाणं सुटतं. माझी तीन किलोंची माती ज्या बिस्किटांनी केली, ती दोन्हीकडे बाहेरच राहतात. माझ्यापुरता निष्कर्ष एवढाच: वजन कॅलरी ठरवतात, पण त्या कॅलरीत राहणं जमेल की नाही हे अन्न ठरवतं.

चौदा महिन्यांनी वजन ७९ झालं आणि एचबीएवनसी ५.६. तेव्हा आईला दोन्ही रिपोर्ट दाखवले, जुनाही. ती बराच वेळ जुन्याकडेच पाहत बसली. मग म्हणाली, "तवाच सांगतलं असतं त मी काय भाकर मोजू दिली नसती?"

काटा आता तिच्याकडेच असतो. दिवाळीत लाडवाचं बेसन त्यावर मोजते आणि मला मोजून एकच लाडू देते.